कोऱ्या कपाळाची गाय

जनावराच्या बाबतीत मला आजवर कुणी फसवलेलं नाही. माणसांनी फसवलं, सोयऱ्यांनी फसवलं, एकदा तर रद्दीवाल्यानंसुद्धा वजनात गंडवलं. पण गाय दाखवून मला गंडवणारा अजून जन्माला यायचाय, असं मी छातीठोक सांगत आलो. पशुधन पर्यवेक्षक म्हणून बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतच माझी सगळी नोकरी झाली. लोक डॉक्टर म्हणायचे. मी डॉक्टर नव्हतो, पण दुरुस्त करत बसलो नाही.

या नोकरीनं मला एक खोड लावली, ती म्हणजे संशय. विमा उतरवलेली गाय मेली, की कानातला बिल्ला बघून पंचनामा व्हायचा. मग काही हुशार मंडळी काय करायची? मेलेली असायची बिनविम्याची गाय. गोठ्यातल्या जित्या, विमा असलेल्या गाईच्या कानातला बिल्ला काढून ते मेलेलीच्या कानात अडकवायचे. बिल्ला खरा, कागद खरा, गाय भलतीच. मी बिल्ल्याकडं बघायचोच नाही. मी सरळ कपाळ बघायचो. "आबा, ही ती न्हाय. तिच्या कपाळावर चांद व्हता," एवढं म्हटलं की समोरचा म्हातारा धोतराचा सोगा चाळवायला लागायचा. माणसाचं तोंड मी विसरेन, जनावराचं कपाळ नाही विसरणार.

म्हणून गेल्या वर्षी, दसरा झाल्यावर दुसऱ्याच दिवशी, माझ्या भाच्यानं जळोचीतल्या आमच्या घरी येऊन ते जुनं चित्र प्लॅस्टिकच्या गुंडाळीतून बाहेर काढलं आणि सोफ्याला टेकवून उभं केलं, तेव्हा मी एका नजरेत ओळखलं. ही आपली गाय नव्हे.

चित्राचं आधी सांगतो, नाहीतर कळायचं नाही. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, पाटकरी होते, म्हणजे कालव्याचं पाणी पाळीनं सोडणारे. निरवांगीला पाटाच्या चाळीत आम्हाला दोन खोल्या होत्या. इंग्रजांच्या वेळचा एक बंगला पाटबंधारे खात्याकडं होता. त्यातलं मोडकंतोडकं सामान लिलावात निघालं, तेव्हा वडिलांनी एक जाळीचं कपाट आणलं आणि त्याच्यासोबत हे चित्र. आई म्हणाली, कपाट ठीक आहे, हे कशाला? वडील म्हणाले, कपाटावर फुकट आलंय.

दोन हात रुंद, तेलरंगातलं, सोनेरी नक्षीच्या चौकटीतलं. कुठल्यातरी परमुलखातलं कुरण, मागं झाडं, एक डबकं, तीन मेंढ्या नुसती लोकरीची गाठोडी, एक घोडं, एक कोंबडी. आणि मधोमध तांबडी-पांढरी गाय, तिच्या मागं लागलेलं वासरू. गाईला वशिंड नव्हतं. आता बारामतीत गोठ्यागोठ्यात बिनवशिंडाच्या गाई दिसतात, पण तेव्हा आम्हा पोरांना ती लुळीपांगळीच वाटायची. आई तिला "सायबाची गाय" म्हणायची. या गाईच्या पांढऱ्या कपाळावर एक लालसर चांद होता, मधोमध नव्हे, जरा डाव्या डोळ्याकडं झुकलेला. जनावर ओळखायचं ते कपाळावरून, हे मी पहिल्यांदा शिकलो ते त्या चांदावर.

वडील गेले, नंतर बऱ्याच वर्षांनी आईही गेली. ती शेवटपर्यंत निरवांगीलाच राहिली. वडिलांनी निवृत्तीनंतर बांधलेल्या दोन खोल्या सोडून जळोचीला यायला ती कधी तयार झाली नाही. माझी थोरली बहीण, अक्का, त्याच गावात दिलेली, ती आईकडं बघायची. आईच्या मागं अक्कानं भांडी घेतली आणि चित्र माझ्या गाडीत ठेवलं. म्हणाली, "तुला दे म्हणली व्हती आई."

गेल्या वर्षी आम्ही घराला रंग दिला. नव्या भिंतीवर ते काजळी धरलेलं चित्र डोळ्यात खुपायला लागलं. चुलीच्या, स्टोव्हच्या, उदबत्तीच्या धुराची पुटं होती त्यावर. त्याच सुमारास सुनेचे एक नातेवाईक पुण्याहून आले. चष्मा काढून, चष्मा घालून त्यांनी ते चित्र न्याहाळलं आणि म्हणाले, "फार जुनं आहे हो. जपा. अशा चित्रांवर हल्ली लोकांचा डोळा असतो." आता हे ते बोलले तेव्हा दाराशी कोण उभं होतं? माझा भाचा. अक्काचा एकुलता एक. निरवांगीत दूध संकलन केंद्र चालवतो.

पाहुणे गेले आणि भाचा मला विचारतो, "मामा, किती जुनं असंल ह्ये?" जेवताना पुन्हा तेच. मग म्हणाला, पुण्यात जुनी चित्रं साफ करणारी एक बाई आहे, त्याच्या ओळखीच्या ओळखीची, मी नेऊन देतो. मला त्या वेळी त्यात काही वावगं वाटलं नाही. मीच म्हणालो, चांगलं घासूनपुसून लख्ख करून आण म्हणावं.

अक्काचा मात्र त्याच संध्याकाळी फोन आला. "आरं, त्ये चित्र पुसायला दिलंस म्हनं? कशाला? हाय तसं ऱ्हाऊ दे की."

"काजळी बसलीय गं."

"बसू दे. धूळ झटक आन् लाव भित्तीला. पाणीबिणी लावू नगंस."

का म्हणून विचारलं, तर म्हणाली, "उगं आपलं." ते तिचं 'उगं आपलं' मी तेव्हा सोडून दिलं. नंतर ते मला चांगलंच आठवलं.

तर चित्र परत आलं. भाचा कौतुकानं बघत उभा होता. कुरण हिरवंगार झालं होतं, डबक्यात आभाळ दिसत होतं, सगळं कसं नुकतंच पाऊस पडून गेल्यासारखं. आणि गाईचं कपाळ कोरं. स्वच्छ पांढरं, पाटीसारखं.

"चांद कुठाय?" मी विचारलं.

"कसला चांद, मामा?"

"कपाळावरचा. लाल. डाव्या डोळ्याकडचा."

तो वाकून बघायला लागला. "लई काजळी व्हती म्हणली ती मॅडम. त्यात निघाला असंल."

"चांद म्हणजे काय काजळी आहे का रे? चांद अंगाचा असतो. धुतल्यानं जात नसतो. जन्म गेला माझा गाई धुण्यात!"

मी चौकट उलटीपालटी करून बघितली. लहानपणी विटी लागून एक कोपरा माझ्याच हातून उडाला होता. तो तसाच उडालेला. मागची तार तीच, गंजलेला खिळा तोच. म्हणजे बिल्ला तोच आणि गाय दुसरी! असली कारागिरी मी शंभरदा पकडली होती. आतलं चित्र काढायचं, दुसरं करून बसवायचं, चौकट जुनीच ठेवायची. वा रे वा, म्हटलं, आणि तीही माझ्यासमोर.

पुरावाही होता. आई गेली त्या वर्षी मी मोबाईलवर तिचा एक फोटो काढला होता, ती पलंगावर बसलेली आणि मागं भिंतीवर हे चित्र. मी तो फोटो उघडला, दोन बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला, आईला बाजूला सारून गाईचं कपाळ मधे आणलं आणि भाच्याच्या नाकापुढं धरलं. "हा बघ. आहे का नाही चांद?"

चांद होता. ठसठशीत.

भाचा एकदा फोटोकडं बघतो, एकदा चित्राकडं. मग खिशातून एक पाकीट काढलं. "मामा, तिनं काय काय केलं त्ये लिवून दिलंय ह्येच्यात. वाचा की."

"लिहायला काय लागतं? कागद कधी नाही म्हणतो का?"

"म्हंजी मी चोर?"

"मी चोर म्हणालो नाही. मी एवढंच म्हणतोय, नेली ती गाय आणि आणली ती गाय एक नव्हे."

आमच्या हिनं चहा आणला होता. पोरानं कपाला हात लावला नाही. चपला घालताना त्याचे डोळे भरलेले मला दिसले, आणि खरं सांगतो, मला वाटलं, नाटक. बिल्लेवालेही रडायचे.

"सख्खा भाचा आहे तो तुमचा," ही म्हणाली.

"सख्खाच घात करतो. परक्याला घरात कोण घेतंय?"

त्यानंतरचे दिवस मी त्या चित्रापुढं खुर्ची टाकून काढले. एकदा संशय डोक्यात शिरला, की तो एकटा राहत नाही, बिऱ्हाड करतो. भिंग घेतलं. वासरू पूर्वीपेक्षा धष्टपुष्ट दिसायला लागलं. घोड्याची मान वेगळी वाटली. आणि कोंबड्या! पूर्वी एक होती, आता डबक्याच्या कडेला दोन! मी पशुगणनेला हिंडलेला माणूस. कोंबडी आपोआप वाढत नाही हे मला कोण शिकवणार? काजळीखाली आधीपासून असेल, असं ही म्हणाली. मी ऐकून घेतलं नाही. मग कळलं, भाच्याच्या केंद्रापुढं नवी मोटारसायकल उभी असते. झालं! आणि अक्काचा तो फोन? "पुसू नको" का म्हणाली होती ती? तिला पोराचा बेत आधीच ठाऊक असणार, म्हणून घाबरली असणार. सगळं कसं जागच्या जागी बसत गेलं.

दिवाळी आठवड्यावर आली तेव्हा अक्काचाच फोन आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"पोराला चोर म्हणलास?"

"मी चोर म्हणालो नाही."

"मग काय म्हणलास?"

पलीकडं तिच्या अंगणातली गाय हंबरलेली मला ऐकू आली.

"भाऊबिजंला यिऊ नगंस मग," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मला रात्री जेवण गेलं नाही. लोक मला डॉक्टर म्हणतात, साहेब म्हणतात, नातवंडं अहो आजोबा म्हणतात. अरे-तुरे करणारं माणूस जगात एकच उरलंय, ते म्हणजे अक्का. तिच्या घरची भाऊबीज मी नोकरीत असतानासुद्धा कधी चुकवली नव्हती. पण मन मोठं खोटं असतं. रडू येत होतं आणि त्याच वेळी आतून म्हणत होतं, बघ, कशी अंगावर येतेय. चोराच्या उलट्या बोंबा. शेवटी ठरवलं, चित्र घेऊनच जायचं. तिच्यासमोर ठेवायचं. तीही त्याच चित्राखाली वाढलीय. ती खोटं बोलली तर मला कळेल आणि खरं बोलली तर पोराला कबूल करावं लागेल. आर नाहीतर पार.

ही म्हणाली, "आज वसुबारस आहे, सणाच्या तोंडावर कशाला?" मी ऐकलं नाही. जुन्या चादरीत चित्र गुंडाळून गाडीच्या मागच्या सीटवर ठेवलं आणि निघालो. पाटाला पाणी होतं. वडील याच पाटावरून सायकलनं हिंडायचे, ते आठवलं. आणि हेही लक्षात आलं, की वसुबारसेला मी निरवांगीत मोठेपणी पहिल्यांदाच चाललोय. लहानपणी त्या दिवशी पाटाच्या कडेची चिकणमाती आणून किल्ला करायचा, संध्याकाळी घरी सापडायचोच नाही. पुढं नोकरीत तो दिवस दुसऱ्यांच्या गोठ्यांत जायचा.

दिवस कलला होता. अक्काच्या अंगणात सारवण झालेलं, रांगोळी काढलेली. गाय-वासरू धुऊन उभी केलेली. ओट्यावर ताट तयार होतं, त्यात हळद, कुंकू, निरांजन, बाजरीची भाकरी, गवारीची भाजी. भाचा पितळी घमेल्यात पाणी आणत होता. मला बघून तो तसाच मागं वळून आत गेला. दारात ती नवी मोटारसायकल होती, आणि एक पोरगा "येतो रं" म्हणत ती घेऊन गेला. मित्राची निघाली.

अक्का गाईच्या खुरांवर पाणी घालत होती. तिनं वर बघितलं नाही.

मी चित्र ओट्यावर भिंतीला टेकवलं, चादर ओढली. "अक्का, मी भांडायला आलो नाही. तू फक्त बघ आणि सांग. आपल्या घरातली गाय हीच का?"

ती ओल्या हातानंच आली. चष्मा नव्हता, म्हणून चित्राला नाक लागेल इतकी वाकली. तिनं ना कुरण बघितलं, ना घोडं. सरळ गाईचं कपाळ बघितलं, जसं मी बघतो तसंच. आणि तिथंच ओट्यावर खाली बसली.

"पुसलंस?" ती म्हणाली. "आईचं कुंकू पुसलंस?"

मला काही कळलं नाही. मी म्हणालो, "कसलं कुंकू? चांद होता तो."

"कसला चांद रं, गाढवा! कुंकू व्हतं त्ये."

मग ती बोलत गेली, तुटक तुटक, पदरानं नाक पुसत. आईचं माहेर वडगाव निंबाळकरचं, दावणीला सात-आठ गाई असलेलं. चाळीतल्या दोन खोल्यांत आली तेव्हा तिच्याकडं पुजायला एक शेळीसुद्धा नव्हती. मग हे चित्र आलं. सवत्स गाय पाहिजे, तर हिच्या मागं वासरूही होतं. पहिल्या वसुबारसेला आईनं चित्राला कुंकू लावलं, नैवेद्य दाखवला, आणि नेमके वडील आले. हसून हसून लोळले. चाळीत चार जणांना सांगत सुटले, आमची मंडळी सायबाच्या गाईला भाकरी चारतेय. त्यानंतर आईनं कधी त्यांच्यादेखत पूजा केली नाही.

"दादा पाण्याच्या पाळीवर गेलं, की आमी दार लोटून घ्यायचो. मी ताट धरायची. हात हलू दिऊ नगंस, आई म्हणायची. कुंकू तेलात कालवून बोटानं लावायची, आन् दिवा इझला की पदरानं पुसून घ्यायची, दादांना दिसू ने म्हणून. पुसलं तरी डाग ऱ्हायाचा, त्योच तुझा चांद."

"मग दादा गेल्यावर?"

"दादा गेलं, तवा बायांनी आईचं कुंकू पुसलं. म्या बघितलंय त्ये. त्या साली वसुबारसंला तिनं गाईला लावलं, आन् ती पदर घ्यायला इसरली आसं वाटलं मला. म्या म्हणलं, आई, पुसायचं? तर म्हणली, ऱ्हाऊ दे. माझ्या कपाळाला लावता येत न्हाय, तिच्या तरी असू दे. तवापास्नं पुसलं न्हाय कवा. दरसाली त्येच्यावरच लावायची."

म्हणून तो चांद आईच्या उतारवयात ठसठशीत होत गेला होता. मी बघत होतो की! मला वाटायचं, माझीच नजर पक्की होतेय.

"मग मला सांगितलं का नाहीस?" मी ओरडलोच. "फोनवर एका शब्दानं सांगायचंस!"

"शपथ घातली व्हती तिनं. पुरुषमाणसं हसत्यात म्हणली. तू नसतास हसला?"

हसलो असतो. दहादा हसलो असतो, चार गोठ्यांत सांगितलं असतं.

मी खिशातून मोबाईल काढला. तोच फोटो. या वेळी मोठा केला नाही. पलंगावर आई बसलेली, मोकळ्या कपाळाची, आणि तिच्या डोक्यावर दीड हातावर ती गाय, लाल कपाळाची. इतके दिवस मी दोन बोटांनी आईला फोटोबाहेर ढकलून गाय बघत होतो. मला ते बघवेना.

भाचा कधी येऊन उभा राहिला, कळलं नाही. मी त्याला म्हणालो, "चुकलं माझं, बाबा. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली मी." पोरानं मान खाली घातली आणि आतून ते पाकीट आणून दिलं. त्या दिवशी मी न उघडताच त्याच्या अंगावर टाकलेलं. त्यात स्वच्छ मराठीत लिहिलं होतं: गाईच्या कपाळावर मूळ रंगाच्या वर तेलकट लाल-पिवळा जाड थर होता. तो पूर्ण काढला. मूळ रंग शाबूत आहे.

खाली नंबर होता. मी तिथंच ओट्यावर बसून लावला. त्या बाई फार नम्र होत्या. मी विचारलं, तो थर तुम्ही कशानं काढलात? म्हणाल्या, कापसाच्या बोळ्यांनी, पुष्कळ लागले, फार चिवट होता.

"ते बोळे आहेत का हो? लाल झालेले?"

"नाही काका. ते त्याच दिवशी कचऱ्यात गेले. का, काही राहिलं होतं का?"

"नाही," मी म्हणालो. "काही राहिलेलं नाही."

त्यांनी फोन ठेवला तरी मी तो कानाशीच धरून बसलो होतो. अंगणात वासरू गाईला ढुसण्या देत होतं. मी ताटातल्या कुंकवाकडं बघितलं, मग चित्राकडं, आणि अक्कानं ते ओळखलं.

"नगं," ती म्हणाली. "आता आपण लावलं तर त्ये आपलं व्हईल. तिचं न्हाय व्हायाचं."

मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली, चष्मा लावला, निरांजन पेटवलं आणि ताट उचलून माझ्या हातात दिलं.

"धर," ती म्हणाली. "हात हलू दिऊ नगंस."

मी धरलं. दोन्ही हातांनी.